लाकडाला पाजलेली खळ

आमच्या घरातली दोन्ही कपाटं काळी होती. लाकूड मुळात काळं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि तेलकट हात वर्षानुवर्षं बसत बसत ती तशी झाली होती. एक भिंतीतलं, दोन दारांचं. दुसरं उभं, सागवानी, माझ्या आजोबांच्या वेळचं. त्या उभ्या कपाटाच्या कडीला हात लावला की बोटं चिकटायची, आणि मी दर वेळी चिडायची. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि राग माझ्या नाकावरच असायचा.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. फायनलची परीक्षा पास होऊन मी सीताबर्डीजवळच्या एका प्राथमिक शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. आमच्या कोष्टी वस्तीत पगार आणणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे डोक्यात थोडी हवाही गेली होती. शाळेतल्या बायांना मी मोठ्या तोऱ्यात दिवाळीच्या फराळाचं आमंत्रण देऊन बसले, आणि घरी येऊन बघते तर ही कपाटं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, धरमपेठेत राहायच्या. त्यांच्या गल्लीतल्या बंगल्यांच्या खिडक्यांना कसा हिरवागार तेलाचा रंग होता! मला तसाच हवा होता. हिरवा, चकचकीत, खालचं सगळं झाकून टाकणारा.

खरं म्हणजे मला झाकायचं होतं ते निराळंच. दोन वर्षांपूर्वी बाबांचा माग बंद पडला होता. मिलच्या लुगड्यांपुढे हातमागाचं लुगडं मागं पडत गेलं आणि इतवारीतल्या व्यापाऱ्यानं सूत देणं थांबवलं. समोरच्या खोलीतला मागाचा खड्डा मायनं एक दिवस मुरूम टाकून बुजवला आणि वरून सारवलं. त्याच जागेवर बाबा दिवसभर बसून राहायचे. ते रागवायचे नाहीत, कुरकुरायचे नाहीत, नुसते बसायचे. वस्तीत सूत रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांच्या डाळिंबी रंगाचं लुगडं फाटून चिंध्या झाल्या तरी रंग उतरत नसे. आता त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. घर माझ्या पगारावर चालायचं, आणि तो मी मायच्या हातात द्यायची तेव्हा ते उठून ओसरीत जायचे. मायला तेवढी एकच काळजी होती. हा माणूस असाच बसून राहिला तर वाळून जाईल, असं ती मला चुलीपाशी कितीदा म्हणाली असेल.

म्हणून मी हिरव्या रंगाचं काढलं तेव्हा तिनं ते मुद्दाम बाबांपुढे नेलं.

"अजी, पोरगी कपाटाले हिरवा रंग द्याचा म्हणून राहिली. बजारातून डबा आणते म्हणते."

बाबांनी दोन वर्षांत पहिल्यांदा मान पटकन वर केली.

"हिरवा? दवाखान्याच्या खिडकीवानी? सागवान आहे ते. त्याले झाकाचं काहून?"

"मंग काय करता?"

"मी देतो ना रंग," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मायनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची रंगाची पातेली खाली आली. बाबांनी कपाटाची दारं काढून अंगणात निजवली आणि धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं घासायला सुरुवात केली, सूत उकळून घेतात त्याच हिशेबानं. काळं पाणी वाहत गटारापर्यंत गेलं. दारं वाळली तेव्हा खालून लाकडाच्या रेषा दिसू लागल्या. मी मनातून चाट पडले, पण तसं बोलून दाखवलं नाही.

बाबांनी वाळलेल्या दारावरून तळहात फिरवला. पाण्यानं लाकडाचे केसासारखे बारीक रोवे उभे राहिले होते, हाताला खरखरीत लागत होते. आता आयुष्यभर ज्याच्या हाताखालून सूत गेलं त्याला उभा रोवा दिसला की एकच सुचतं. मागावर चढवण्याआधी सुताला खळ पाजतात, म्हणजे रोवे बसतात आणि धागा गुळगुळीत होतो. बाबांनी मायला तांदळाची खळ शिजवायला लावली आणि पाजणीच्या कुंच्यानं ती दोन्ही कपाटांना सढळ हातानं पाजली. ती वाळल्यावर वरून पुडीचा डाळिंबी रंग दिला. दुसऱ्या संध्याकाळी दारं परत बसवली तेव्हा कपाटं खरंच देखणी दिसत होती. जरा डाग-डाग होते, पण देखणी. बाबा त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले. माय माझ्याकडे बघून नुसती डोळ्यांनी हसली.

हे सुख आठ दिवस टिकलं. भाद्रपदाचे दिवस, हवेत ओल. आधी मुंग्यांची रांग आली. मग झुरळांना पत्ता लागला; कपाट उघडलं की दाराच्या कडेनं पळापळ. कपाटावर जिथं जिथं खळ जाड बसली होती तिथं पांढरी बुरशी धरली आणि घरभर आंबूस वास सुटला. दाराला टेकलेलं माझं शाळेचं पांढरं पातळ पदरापासून कमरेपर्यंत डाळिंबी झालं.

ते पातळ बघून माझा तोल गेला. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं.

"तरी म्हणत होती मी, हिरवा रंग आणा म्हणून! ते लाकूड आहे बाबा, सूत नाही! तुमचं सूत संपलं आता. दुसरं काही येत नाही तर विचारा ना कोणाले!"

बाबांनी माझ्या हातातलं पातळ घेतलं, डागाकडे पाहिलं, घडी केली आणि बाजूला ठेवलं. मग नेहमीच्या जागी जाऊन बसले. मायनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आता झालं तुह्या मनासारखं?" मी जेवले नाही. मला माझीच लाज वाटत होती, आणि अजूनही ते वाक्य आठवलं की वाटते.

त्यानंतरचा दिवस रविवार होता. सकाळी बघते तर बाबा घरात नाहीत. गल्लीच्या टोकाला एक सुतार होता, बाबांपेक्षा वीस वर्षांनी तरी लहान. मी दळण घेऊन त्याच्या दारावरून जात होते, तर आतून बाबांचा आवाज आला. मी थांबले. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये हे मी पोरांना शाळेत शिकवायची, पण थांबले.

"रोवे उभे राहतात. त्याईले बसवाचं कसं, ते सांग मले."

"काका, लाकडाले पेज कोण पाजते?" सुतार मोठ्यानं हसला.

बाबाही हसले. मला वाटलं होतं, ते उठून येतील. ज्या माणसाकडे उमरेडहून लोक रंग विचारायला यायचे, तो पोराएवढ्या माणसापुढे उकिडवा बसून विचारत होता, आणि हसत होता. "पाजली ना मी," ते म्हणाले. "झुरळं जेवून गेले सारे. आता सांग." मग सुतारही नीट बसून सांगू लागला. मी दळण डोक्यावर सावरलं आणि पुढं निघाले. गिरणीपर्यंत मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

आश्विनातलं ऊन नागपुरात कडक असतं, ते बाबांच्या कामी आलं. सगळी खळ खरवडून, धुऊन काढली. मग ओल्या फडक्यानं लाकूड पुसायचं, रोवे उभे राहू द्यायचे, वाळले की रेजमालाच्या खरखरीत कागदानं घासून टाकायचे, पुन्हा पुसायचं, पुन्हा घासायचं. चौथ्या खेपेला रोवे उभे राहायचे थांबले. "थकले," बाबा म्हणाले. त्यानंतर रंग. तो मात्र त्यांचा स्वतःचा होता. सुतारानं बाजारातला तयार रंग सांगितला होता; बाबांनी नाक मुरडलं आणि आपल्या डाळिंबीत चिमूटभर काळा आणि थोडा पिवळा घालून, चिंधीवर, मग लाकडाच्या तुकड्यावर लावून बघत दोन दिवस काढले. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळलेली चपड्याची लाख, कापसाच्या बोळ्यानं, पातळ पातळ हात मारत. मी शाळेतून आले की चहा करून त्यांच्यापाशी बसायची. पातळाबद्दल मी माफी मागितली नाही, ते धाडस मला झालं नाही. पण एकदा बोळा भिजवता भिजवता ते म्हणाले, "बरं झालं बोलली तू. मी विचारलंच नसतं." मी चहाचा कप घेऊन आत पळाले.

दिवाळीत शाळेतल्या बाया आल्या. चकलीकडे कोणी बघेना. मोठ्या बाई तर उभ्या कपाटासमोर जाऊन उभ्याच राहिल्या. रंग होता, आणि त्याच्या आत लाकडाची एकेक रेष दिसत होती.

"हे कोणी केलं हो?"

"बाबांनी."

"आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळची तीन कपाटं आहेत, काळीठिक्कर पडलीत. येतील का तुमचे वडील? विचाराल?"

मी हो म्हटलं आणि चार दिवस विचारलंच नाही. कोष्ट्याचं काम त्याच्या घरात असतं. बाबांनी जन्मात दुसऱ्याच्या छपराखाली काम केलं नव्हतं, व्यापाऱ्याचं सूतसुद्धा आपल्याच घरात विणलं. त्यांना 'अमक्याच्या घरी कामाला जा' असं कोण सांगणार? आणि खोटं कशाला बोलू, मोठ्या बाईंच्या घरी माझा बाप पॉलिश करायला बसलेला मलाही बघवणार नव्हता. शेवटी मायनंच माझ्याकडून काढून घेतलं आणि जेवताना त्यांच्या कानावर घातलं. बाबांनी ताटातला हात थांबवला.

"धरमपेठेत?"

"हाव."

ते उरलेलं जेवले, हात धुतला आणि फिरायला निघून गेले. माय म्हणाली, "विषय संपला." मलाही तसंच वाटलं, आणि हलकं वाटलं, हेही कबूल करते.

सकाळी मी माझा डबा पिशवीत ठेवत होते. बाबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून चुलीपाशी येऊन उभे राहिले.

"डबा बांध."

"बांधला ना तिचा," माय म्हणाली.

"मले."

घरात जेवण न्यायचा दुसरा डबाच नव्हता. लागला कधी? मायनं पितळेचा एक डबा रिकामा केला, घासला, त्यात भाकरी आणि वांग्याची भाजी घातली आणि फडक्यात बांधून दिला. सीताबर्डीपर्यंत आम्ही दोघं बरोबर चालत गेलो. मी शाळेकडे वळले, ते रंगाची पिशवी आणि डबा घेऊन पुढं गेले. माझ्या मनातली लाज कुठं गेली ते मला सांगता येणार नाही. त्यांची पाठ दिसेपर्यंत मी रस्त्यात उभी होते आणि शाळेत उशिरा पोचले.

संध्याकाळी आम्ही एकदमच घरी आलो. बाबांची बोटं डाळिंबी झाली होती. ते मायला सांगत होते, एका कपाटाची दारं काढली, लाकूड चांगलं आहे, आठ दिवस तरी लागतील. शेजारच्या बंगल्यातलेही येऊन बघून गेले. माय ऐकत होती. मी पाणी घ्यायला आत गेले तर शिप्तरात, भाकरीच्या टोपलीत, सकाळच्या भाकऱ्या तशाच होत्या, भाजीही तशीच.

"माय, तू जेवली नाही?"

"राहून गेलं," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून माय बाबांच्या आधी कधी जेवली नव्हती. ते दुपारी मागावरून उठायचे, जेवायचे, मग ती बसायची. त्या दिवशी दुपार झाली, उलटून गेली, आणि बाबा जेवल्याशिवाय जेवायचं कसं हे तिला उमगलंच नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतः पाट मांडला, तिला बसवलं आणि समोर बसले.

"उद्यापासून तू जेवून घेत जाय वं," ते म्हणाले. "मले आता रोजच जा लागन."