समुद्रापर्यंतचे अकरा प्रश्न

कल्पना करा, तुम्हाला एका बेटावरचा बीच क्लब निवडायचा आहे. समुद्रकाठी कुणीतरी जागा घेऊन तिथे छत्र्या, आरामखुर्च्या, बाथरूम आणि खाण्यापिण्याची सोय केलेली असते; आपण दिवसभराचं तिकीट काढायचं आणि संध्याकाळपर्यंत तिथे लोळायचं. असे नऊ क्लब आहेत. नऊही क्लबांचे फोटो तुमच्यासमोर आहेत, आणि प्रत्येक फोटोत निळं पाणी, पांढरी वाळू आणि पाण्यात बसून पेल्यातून आणखी काहीतरी पिणारी एक बाई आहे. निवडा बघू.

आता त्यात एक अट घाला. तुमच्याबरोबर येणारा माणूस व्हीलचेअरवर आहे, त्याला समुद्रात पाय बुडवायचे आहेत, आणि त्याला कुणी उचललेलं चालणार नाही.

ही निवड ज्या बाईच्या वाट्याला आली ती डोळ्यांच्या एका दवाखान्यात फोनवर बसते. बावीस वर्षं झाली. दारातून आत गेलं की डावीकडे चष्म्यांचं कपाट, उजवीकडे तिचं टेबल. टेबलावर दोन फोन, एक वही आणि दोरीनं बांधलेलं पेन, कारण पेशंट पेन घेऊन जातात. माणसं फोनवर धड काही सांगत नाहीत, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

"काकू, थेंब कोणत्या डोळ्यात घातलेत?"

"उजव्या."

"तुमच्या उजव्या की आरशातल्या उजव्या?"

मग बारीक आवाजात, "आरशातल्या."

डॉक्टर सगळ्यांना सांगायचे, आमच्या फोनवाल्या बाईंपुढे थाप टिकत नाही, नीट तयारी करून फोन करा.

तिचा नवरा मिस्त्री. लादीचं काम. पस्तीस वर्षं त्यानं लोकांच्या घरांत, शाळांत, दुकानांत लाद्या बसवल्या. कुणाच्याही घरी गेला की चहा येण्याआधी त्याची नजर खाली. "ढाळ चुकलाय," असं तो पुटपुटायचा, आणि ती त्याला कोपरानं ढोसायची. एकदा लेकीला बघायला आलेल्या मंडळींच्या घरी त्यानं खिशातून गोटी काढून बाथरूममध्ये सोडून दाखवली होती. गोटी पाणी जायच्या जाळीकडे न जाता दाराबाहेर आली. लग्न तिथे जमलं नाही, पण त्याला अजिबात वाईट वाटलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या पायांत मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही येईनाशा झाल्या. नसांचा आजार, तळव्यापासून वर चढणारा. एक दिवस चौथ्या मजल्यावर काम करताना त्याचे पाय साफ गेले, तेव्हा चार गवंड्यांनी त्याला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर घालून खाली आणलं. जिन्याच्या वळणावर त्यांच्यातला एक हसला. कशाला हसला कुणास ठाऊक, कदाचित दमून. पण मिस्त्रीच्या कानात ते हसू राहिलं. "यापुढे मला कुणी उचलायचं नाही," त्यानं घरी आल्यावर सांगितलं. "पोतं नाही मी." तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात तो हातांच्या जोरावर, फळीवरून सरकत जातो. त्याला वीस मिनिटं लागतात. ती दुसरीकडे बघत उभी राहते.

उजवा तळवा केव्हाच गेला. डाव्यात अजून थोडी जाणीव होती. त्याच्या नसांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज तपासत जा, आणि जाणीव गेली की त्या दिवशीच मला कळवा. म्हणून रोज सकाळी कामावर निघण्याआधी ती फ्रीजमध्ये ठेवलेला चमचा काढते आणि त्याच्या डाव्या तळव्याला लावते. तो डोळे मिटून असतो.

"काय लागतंय?"

"गार."

कधी मूड असला तर, "गार, आणि जरा गोड. कालच्या खिरीचा चमचा आहे का गं?"

समुद्राचं खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं ते नक्की सांगता येत नाही. आयुष्यभर पाणी बाहेर कसं जाईल एवढंच त्यानं पाहिलं; पाण्यात स्वतः कधी उभा राहिला नाही. कधी कसली चैन न मागणाऱ्या त्या माणसानं एका जेवणाच्या वेळी एकदम सांगितलं, "हा पाय जायच्या आत एकदा समुद्राचं पाणी लागायला हवं." परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं ते उचलून धरलं. विमानाची तिकिटं आणि हॉटेल तिनं परस्पर काढलं आणि बेटावरच्या नऊ क्लबांचे फोटो पाठवले.

"आई, सरळ तारे बघ आणि पाच तारेवाला घे."

"तारे देणारा चालत गेला होता ना?"



मग मिस्त्रीनं तिला प्रश्न सांगितले आणि तिनं दवाखान्याच्या वहीत मागच्या बाजूनं लिहून घेतले. अकरा प्रश्न. रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती? एकही नाही म्हणाले तर दाराशी उंबरा आहे का? किती इंचाचा? उतार असेल तर बारा फुटाला एक फूट आहे की जास्त खडा? बाथरूमच्या दाराची रुंदी? दार आत उघडतं की बाहेर? लादी खरखरीत की गुळगुळीत? ओली झाल्यावर? असं करत करत अकरा. सांगताना तो खुर्चीत ताठ बसला होता. कामगारांना माप देतानाचा आवाज तिनं तीन वर्षांनी ऐकला. ती मुद्दाम हळू लिहीत राहिली.

दुपारच्या सुट्टीत तिनं एकेका क्लबला फोन लावले. पहिला म्हणाला, "एकही पायरी नाही, मॅडम, निर्धास्त या."

"तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?"

"काउंटरवर."

"फोन हातात घेऊन दारापर्यंत जाता का? आता खाली बघा."

थोड्या वेळानं, "हां, एक आहे. पण ती पायरी अशी नाही..."

एकुलती एक पायरी कुणी पायरी म्हणून मोजतच नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं क्लब खोडला. दुसऱ्याची लादी गुळगुळीत, तोही खोडला. पाचव्या क्लबातली बाई फार बोलकी होती. दाराशी चार इंचाची पायरी आहे, हे तिनं आपणहून सांगितलं. "पण ताई, आमच्याकडे पाण्यापर्यंत चटई..."

"चटईचं राहू द्या हो, आम्हाला झोपायचं नाहीये. बाथरूमचं दार किती रुंद?"

दार अरुंद निघालं नाही, पण चार इंच म्हणजे चार इंच. मिस्त्रीला फोनवरून विचारलं. "खोड," तो म्हणाला. तिनं खोडलं.

शेवटी सातवा क्लब उरला. अकरापैकी अकरा. मॅनेजरनं स्वतः टेप लावून मापं सांगितली. त्या रात्री जेवताना मिस्त्रीनं वही हातात घेतली आणि अकरा खुणांवरून बोट फिरवलं. "बाई, तुला साइटवर ठेवायला हवं होतं," तो म्हणाला. लग्नाच्या एकतीस वर्षांत त्यानं केलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

बेटावरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, ते सातव्या क्लबला पोचले. पुढच्या दिवशी परतीचं विमान होतं. टॅक्सीच्या दारापासून क्लबच्या दारापर्यंत खरंच एकही पायरी नव्हती. उतार लागला तशी मिस्त्रीनं चाकांवरची पकड सैल केली आणि खुर्ची आपसूक, शांतपणे खाली जाऊ दिली. "बाराला एक," तो म्हणाला. "चोख." दोन लाद्यांमधली फट बघायला तो वाकला. ती खुर्चीमागे चालत होती आणि तिला वाटत होतं, झालं, पोचलो.

छत्र्यांच्या दोन रांगा ओलांडल्या आणि लादी संपली.

लादीच्या कडेला स्टीलची पट्टी बसवली होती. पट्टीच्या पलीकडे वाळू होती. साठ-सत्तर पावलं वाळू, मऊ, कोरडी, आणि तिच्या टोकाला पाणी.

मिस्त्रीनं पुढची चाकं पट्टीवरून खाली घातली. ती वीतभर रुतली. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला, तशी आणखी रुतली. तिनं मागून ढकललं. खुर्ची पुढे कलली आणि तो पडता पडता राहिला.

अकरा प्रश्नांमध्ये वाळू नव्हती. नऊच्या नऊ फोटोंत होती, लेकीच्या, तिच्या आणि त्याच्याही नजरेखालून शंभरदा गेलेली. पण जमीन म्हटली की त्याच्या डोळ्यांपुढे लादीच यायची, आणि तो जे विचारायला सांगेल ते तिनं विचारायचं, असं ठरलेलं.

मॅनेजर धावत आला. चांगला माणूस होता. "चौघं येतो, मावशी. खुर्चीसकट उचलतो. दोन मिनिटांचं काम आहे."

मिस्त्रीनं मान हलवली.

"अहो, एकदाच," ती म्हणाली. तिनं त्याच्याकडे असं कधी काही मागितलं नव्हतं. "कुणी ओळखीचं नाही इथे. कुणी हसणार नाही."

"नको."

"मी मागून येते. तुम्ही डोळे मिटून घ्या."

"नको म्हटलं ना."

मॅनेजरनं चाकं वर ओढून खुर्ची परत लादीवर घेतली. मिस्त्री खाली बघत म्हणाला, "काम मात्र छान केलंय. कोणी केलंय?" मॅनेजरला माहीत नव्हतं.

तेव्हा तिला पाचव्या क्लबातली बोलकी बाई आठवली. पाण्यापर्यंत चटई. ती छत्रीच्या दांड्याला धरून उभी राहिली, पिशवीतल्या वहीतला खोडलेला नंबर शोधला आणि फोन लावला.

"हो ताई, तेच तर सांगत होते तुम्हाला! जाड चटई असते, थेट पाण्यात जाते, खुर्चीवाले त्यावरूनच जातात. संध्याकाळी पाचपर्यंत अंथरलेली असते. या ना."

"टॅक्सीनं किती वेळ?"

"दीड तास फार तर."

बारा वाजले होते. ती जवळजवळ पळतच त्याच्यापाशी आली. "ऐका, अजून वेळ आहे. चटई आहे तिथे, पाण्यापर्यंत. ती चार इंचाची पायरी काय, एक फळी टाकली की झालं. तुम्हीच तर करता तसं. चला."

त्यानं समुद्राकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे नीट पाहिलं, ढाळ बघतात तसं. मग म्हणाला, "हॉटेलवर चल."

"अहो, पण दीडच तास..."

"दमलो गं. बास झालं."

"ह्याच्यासाठीच आलो ना आपण?"

तिनं मिनतवाऱ्या केल्या, रागावली, हे तुमचं नेहमीचंच म्हणाली, लेकीला काय सांगू म्हणाली. तो खुर्चीच्या हातावर बोटानं लाद्यांच्या फटीत सिमेंट भरल्यासारखी रेघ ओढत राहिला.

शेवटी तिनं पिण्याच्या पाण्याची बाटली झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली, चपला हातात घेतल्या आणि एकटीच वाळूतून गेली. पाणी पायांना लागलं तेव्हा ते इतकं गार होतं की तिच्या तोंडून आवाज निघाला. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं पटकन वाकून बाटली भरली आणि मागे वळली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

टॅक्सीत बाटली मागच्या काचेखाली पडून होती. ड्रायव्हरनं विचारलं, "मजा आली का?" ती हो म्हणाली.

खोलीत आल्यावर तो फळीवरून पलंगावर सरकला. वीस मिनिटं. तिनं बाथरूममधली बादली आणून त्याच्या पायांशी ठेवली आणि त्याचा डावा पाय उचलून बादलीच्या काठावर टेकवला. तिला अजूनही राग होता, पण आणलेलं पाणी टाकून देववत नव्हतं.

"डोळे मिटा."

त्यानं मिटले.

तिनं बाटली कलती केली. पाणी त्याच्या तळव्यावरून घरंगळलं आणि पाय धरलेल्या तिच्या हातावर आलं. दीड वाजेपर्यंत टॅक्सीच्या काचेखाली उन्हात राहिलेलं ते पाणी मघाशी गाळलेल्या चहासारखं गरम होतं. हात मागे घ्यावासा वाटावा इतकं.

"काय लागतंय?" ती म्हणाली, सवयीनं.

"गार," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच. आणि तिला बरं वाटावं म्हणून असेल, थोडं हसून, "चांगलंच गार आहे गं समुद्राचं."

तिनं उरलेली बाटलीही ओतली, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग टॉवेलनं बोटांच्या मधून मधून पाय पुसला.

परत आल्यावर ती दुसऱ्या दिवसापासून कामावर जाते आहे. "काका, वाचता येतंय म्हणता, मग आत्ता समोरच्या कॅलेंडरवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा." पेशंट पूर्वीसारखेच पकडले जातात. बावीस वर्षं माणसांना फिरवून फिरवून विचारणाऱ्या त्या बाईला आपल्या घरात एकदा कोमट चमचा लावून बघावा, असं कधी सुचलं नव्हतं. नसांच्या डॉक्टरांना तिनं अजून काहीच कळवलेलं नाही. फ्रीजमधला चमचा ती रोज सकाळी काढते, तो डोळे मिटतो, ती चमचा लावते, तो "गार" म्हणतो, ती डबा उचलून निघते. जिना उतरताना तिच्या मनात एकच प्रश्न असतो, वहीत न लिहिलेला. समोर बसून तो विचारणं तिला जमत नाही, आणि त्याच्यासाठी फोन करायला नंबर नाही.

त्याला शेवटचं खरोखर गार लागलं, ती सकाळ कोणती होती?