अक्काचा पत्र्यासारखा आवाज

"आजी, सैल बसलं की आवाज पत्र्यासारखा येतो," म्हणत नातीनं इयरफोनचं रबर बदलून मोठं घातलं. फोनवर माझ्या थोरल्या बहिणीचं हळदीचं गाणं होतं. अक्का गेली, आवाज तेवढा उरलाय. मोठ्या रबरानं तो भरदार झाला. नातीनं फोनवर काहीतरी सरकवलं, तसा गोडही झाला. मला संशय आला. अक्कानं गाणं धरलं की हळद लावलेली नवरीसुद्धा कान झाकायची. रबरानं माणूस बदलत असेल, तर भरवसा कशाचा धरायचा?

"आधीचं रबर दे. सरकवलेलंही मागं घे."

"परत बिघडवू?"

"बिघडव."

अक्का पत्र्यासारखी किंचाळली. मग मी नेहमीसारखी तिच्यामागून ओळ म्हटली.