चारातली दोन नावं

चुकलं तर माफ करा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. माझं मराठी आठवीत सुटलं, लिहायचा अधिकार आहे की नाही माहीत नाही. पण माझा ओठ एका कवितेमुळे फाटला. ते मी नाही लिहिलं तर दुसरं कोण लिहील?

अमेरिकेतल्या आयसेलिनजवळच्या शाळेचा हॉल. मराठी मंडळाचं दिवाळी कविसंमेलन. नानांनी माझी कॉलर धरून मला माइकपासून ओढलं. माइकची दांडी ओठावर बसली. नव्या सदऱ्यावर रक्त. पहिल्या रांगेतून एक काका म्हणाले, "हे लोक इथेही आलेच का?"

नाना मंडळाचे अध्यक्ष. बाबा त्यांच्याच रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी. त्या संध्याकाळी बाबा मागे जेवणाच्या टेबलापाशी उभे होते, हातात झारा. त्यांनी सगळं पाहिलं.

हे कसं झालं ते सांगतो.

कॉलेजात मी आफ्रिकन साहित्याचा कोर्स घेतला होता. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः कवयित्री, देश सोडून आलेल्या. लंगडत चालायच्या. त्यांच्या भागात मयताला कवी लागतो. त्याने प्रेतापाशी उभं राहून सांगायचं, हा कसा मेला, कोणी मारला. ते झाल्याशिवाय माती नाही. सरकारने ही रीत बंद केली. पोलिसांनी मारलेल्या एका विद्यार्थ्यासाठी मॅडम तशा उभ्या राहिल्या. मग त्यांना उलटं टांगून तळपायांवर केबलने मारलं.

वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "राजकारण बाजूला ठेवून नुसत्या प्रतिमा बघता येतील का?"

मॅडम म्हणाल्या, "येतील. आधी प्रेत बाजूला ठेव."

मला आप्पा आठवला. माझा चुलता. ग्रामसभेत उठून त्याने विचारलं होतं, पाण्याची पाइपलाइन बौद्धवस्तीच्या अलीकडे का थांबते? तिसऱ्या दिवशी चौघांनी त्याला उसाच्या फडात मारलं. काकूने डोळ्यांनी पाहिलं. केस वर्षानुवर्षं चालू होती. आमच्या घरात कोणी आप्पाचं नाव काढत नसे.

मी त्याच्यासाठी मॅडमच्या रीतीने कविता लिहिली. मराठीत. मंडळात नाव द्यायला गेलो तेव्हा म्हणालो, ही आफ्रिकेतली रीत आहे. नानांना वाटलं, भाषांतर.

"आफ्रिकन? मस्त रे! जरा ग्लोबल वाटेल. फक्त पॉलिटिक्स नको हां बाळा, कल्चरल प्रोग्रॅम आहे."

मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही. घाबरलो होतो. ती चूक माझी.

मी वाचायला लागलो. पहिली पहार गुडघ्यावर. दुसरीही गुडघ्यावर, उठू नये म्हणून. तिसरी जबड्यावर, कारण तोंडाने विचारलं होतं. हॉलमधून "वा!" आलं. खरंच आलं. एका काकूंनी डोळे पुसले. शेजारणीला म्हणाल्या, "बाई गं, तिकडे काय काय सोसतात नाही लोक!" जबडा फुटला तिथे टाळी पडली.

मग मी आमच्या गावाचं नाव घेतलं. तालुका घेतला.

टाळ्या थांबल्या. डोळे पुसणाऱ्या काकूंनी पर्समध्ये मान घातली. मी पहिल्या खुन्याचं नाव घेतलं, आडनावासकट. तशी आडनावं हॉलमध्ये पुष्कळ होती. दुसरं नाव घेतलं. तेवढ्यात नाना पोचले.

"बाप माझ्या किचनमध्ये आहे तुझा. विसरलास?"

रक्त गिळताना एक कळलं. मेलेला माणूस लांबचा असला की यांची कविता. आपला निघाला की राजकारण.

दुसऱ्या दिवशी नानांनी आम्हाला दोघांना रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत बोलावलं. पुढे कागद ठेवला. "लिही, कविता काल्पनिक आहे, असं काही घडलेलं नाही. ग्रुपवर टाकतो, विषय संपला. आफ्रिकेतलीच आहे असं लिही हवं तर."

बाबा हात जोडून उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. "लिहून टाक रे. दोन ओळी."

मी कागद फाडला. म्हणालो, "घडलंय. माझ्या काकूने पाहिलंय."

पार्किंगमध्ये बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. ओठाला घातलेला टाका उसवला. मग गाडीच्या बॉनेटवर स्वतःचं डोकं आपटलं, दोनदा. त्यांची नोकरी त्याच दिवशी गेली. मी कागद फाडला नसता तर राहिली असती. हे मी लपवत नाही.

मॅडमनी वर्गात माझा ओठ पाहिला. मी सगळं सांगितल्यावर विचारलं, "किती नावं राहिली?"

"दोन."

"म्हणजे तुझा माणूस अजून उघड्यावर पडलाय."

  इतकी वर्षं गप्प राहिल्याचा राग आला.

आज सकाळी चुलतभावाचा फोन आला. निकाल लागला. बाकीचे साक्षीदार फिरले, काकू एकटी टिकली. चौघेही सुटले. गावात गुलाल उधळला, मिरवणूक मुद्दाम काकूच्या दारापुढे थांबवली, तिच्या उंबऱ्यावर फटाक्यांची माळ लावली.

कोर्टाने त्यांना निर्दोष म्हटलंय. मी म्हणणार नाही. कुठल्याच हॉलमध्ये नाही.