मेंगाळ बाईंचे चौथे पान

कोणी नवीन यंत्र घेऊन शाळेत आला की मेंगाळ बाई त्याला बसायलाही सांगायच्या नाहीत. "आधी रेंज बंद करा, मग दाखवा," एवढेच म्हणायच्या. पाहुणा हसायचा. बाई हसायच्या नाहीत. मग तो नाइलाजाने इंटरनेट बंद करायचा आणि पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत उभा राहायचा. "झाला तुमचा तास?" बाई विचारायच्या. "आता माझा घेऊ?"

त्यांच्यावर लिहायला मी योग्य माणूस नाही. मला त्या आवडत नसत. आजही त्यांची आठवण आली की पहिल्यांदा राग येतो, बाकीचे सगळे नंतर येते. पण त्यांच्याबद्दल एक खोटी गोष्ट आमच्या भागात अजून सांगितली जाते, आणि ती खोटी आहे हे माझ्याइतके नक्की कोणालाच माहीत नाही. कारण ती मी तयार केली आहे.

मी तेव्हा केंद्रप्रमुख होतो, म्हणजे डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवरील शाळांची देखरेख माझ्याकडे होती. मेंगाळ बाई त्यातल्या सगळ्यात वरच्या शाळेवर. त्याच डोंगरातल्या ठाकर घरातल्या. घरी ठाकरी बोलायच्या, वर्गात पुस्तकातली मराठी, आणि माझ्याशी भांडताना त्या दोन्हींच्या मधली. उंची बेताची, आवाज मोठा, चपला नेहमी हातात. चढ लागला की चपला काढून चालायच्या आणि तशाच माझ्या कार्यालयात शिरायच्या.

स्वभाव कडवट होता, तो मी गोड करून सांगणार नाही. एका नव्या शिक्षकाने फार मेहनतीने रंगीत चित्रांचे सादरीकरण केले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "रंग लय झ्याक हायेत, गुरुजी. आता तुमच्या वर्गातलं एक पोर उभं करा आणि यातली एक ओळ वाचून घ्या." त्याचे तोंड उतरले. मी नंतर त्यांना म्हणालो, "बाई, जरा सांभाळून बोलत जा." त्या म्हणाल्या, "साहेब, सांभाळायला तुमी हाय ना. मी पोरं सांभाळते."

एका वर्षी मुंबईच्या एका कंपनीने आमच्या केंद्रातल्या सर्व शाळांना टॅब द्यायचे ठरवले. कोणता द्यायचा हे आम्ही वापरून सांगायचे होते. त्यासाठी तीन प्रकारचे टॅब आले. एक साधा अँड्रॉइडचा. एक आयपॅड. आणि तिसरा कंपनीचा स्वतःचा. त्याच्या आतली सगळी व्यवस्था त्यांचीच होती. ॲप घ्यायचे ते त्यांच्याच दुकानातून, ब्राउझर त्यांचा, आणि त्या ब्राउझरमध्ये उघडतील त्या वेबसाइटही त्यांनीच निवडलेल्या. मी त्या तिसऱ्यावर भाळलो. त्यात एक मोर यायचा आणि पिसारा फुलवून मराठीत आकडे म्हणायचा. कंपनीच्या माणसांनी मला मंचावर बसवून फोटो काढले होते, आणि हाच टॅब घेऊ असा शब्द मी त्यांना देऊन बसलो होतो.

केंद्राच्या मासिक सभेत गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर मी तो मोर दाखवत होतो. मागच्या रांगेतून आवाज आला, "साहेब, रेंज."

मी ऐकले नाही असे दाखवले.

"साहेब, आमच्या पाड्यात रेंज टेकडीवर राहते. शाळा खाली हाय. बंद करून दाखवा."

बंद करावी लागली. मोर अर्धा पिसारा उघडून थांबला. "मोराला विचारा, पुढचा आकडा येतो का नाय," बाई म्हणाल्या. चाळीस शिक्षक हसले. गटशिक्षणाधिकारीही हसले, आणि म्हणाले, "मग तपासणी मेंगाळ बाईंच्याच शाळेत होऊ द्या." मी हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून लक्षात ठेवले. बाईंचा ठेवायची गरज नव्हती.

त्यांनी काम मात्र चोख केले. तिन्ही टॅब तिसरी-चौथीच्या मुलांना आठवडा-आठवडा दिले आणि प्रत्येकावर तीच कामे करून घेतली. रेंज नसताना गोष्ट वाचायची. मराठीत आपले आणि पाड्याचे नाव टाइप करायचे. मग सगळ्यांनी टेकडीवर जाऊन ब्राउझरमध्ये नाचणीवरची कीड शोधायची. मी भेटीला गेलो तेव्हा त्या घड्याळ लावून उन्हात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "पाणी माठात हाय, साहेब. आमाला टाइम नाय." आणि एका मुलीला ओरडल्या, "गो, बोट दाबून नको धरू, सोड!" अशा कष्टाने केलेली निरीक्षणे तीन पानांवर आणि निष्कर्ष चौथ्यावर असा त्यांचा हस्तलिखित अहवाल झाला. शेवटी सही. तो देऊन त्या परतीची एसटी पकडायला निघून गेल्या.

इथे आमच्या भागातली एक पद्धत सांगायला हवी. वरच्या शाळांना दिवसातून एक गाडी. एखाद्या पत्रावर सही राहिली तर शिक्षकाचा पूर्ण दिवस मोडायचा. म्हणून प्रत्येक जण दोन-तीन कोऱ्या कागदांवर खाली सही करून ते माझ्याकडे ठेवायचा. हजेरी, मागणी, पोचपावती, काहीही त्यावर टाइप व्हायचे. नियमात हे बसत नव्हते, पण सगळे करत होते. कोणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या मेंगाळ बाईंचेही दोन कागद माझ्या कपाटात होते.

अहवाल टाइप करूनच वर पाठवायचा असे. तीन पाने होती तशी उतरवली, चौथे मी काढून ठेवले. त्यांच्या सहीच्या कोऱ्या कागदावर नवा निष्कर्ष टाइप करवून घेतला: सर्व बाबींचा विचार करता कंपनीचाच टॅब योग्य. मोर, शब्द, फोटो ही कारणे होतीच. पण टाइप करवताना माझ्या मनात सभेतले ते हसू होते. तिच्याच सहीने तिला गप्प करायचे, हे मला फार गोड वाटले.

बाई प्रशिक्षणाला मुरबाडला गेल्या होत्या तो दिवस साधून मी तो निष्कर्ष केंद्राच्या सभेत वाचून दाखवला. दोन दिवसांनी त्या कार्यालयात आल्या. "काय वाचलंत तुमी?" मी म्हणालो, "वरून ठरलं, बाई. तुमच्या अहवालाचा फक्त आधार घेतला." त्या म्हणाल्या, "आधार घ्यायला काठी असते, साहेब. माणूस नाय." त्यानंतर कामापलीकडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. कागद त्यांनी पाहिलाच नव्हता.

वर्षभराने कंपनीने तो उपक्रम बंद केला. टॅब सुरू केला की फक्त कंपनीचे नाव यायचे, आत काहीच उघडत नसे. ब्राउझर नाही, धडे नाहीत. चौकशी लागली. हे कोणी सुचवले? फायलीत बाईंच्या सहीचे पान होते.

चौकशीच्या खोलीत त्यांनी ते पहिल्यांदा पाहिले. म्हणाल्या, "सही माझी हाय. लिवलेलं माझं नाय. हा कोरा कागद होता. आमी सगळेच साहेबांकडं सह्या करून ठेवतो. विचारा यांना."

केंद्रातले ज्येष्ठ शिक्षक भोईर गुरुजी माझ्या शेजारी बसले होते. त्यांचे तीन कागद माझ्याकडे होते. ते म्हणाले, "कोरा कागद? नाय बा. असं आमी कधी केलं नाय." मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. प्रत्येकाला आपापली नोकरी होती. शेवटी मला विचारले. मी म्हणालो, "हा कागद बाईंनीच माझ्याकडे दिला होता." शब्दशः खरे, आणि माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे खोटे.

त्यांची मुख्याध्यापकपदाची बढती थांबली. बदली टोकावड्याला, घराच्या विरुद्ध टोकाला झाली. आमच्याकडे मात्र बोलणे सुरू झाले ते आजवर थांबले नाही: दुसऱ्यांची रेंज बंद करायला सांगायची आणि स्वतः बंद पडणारा टॅब निवडला!

निवृत्तीनंतर मी एकदा टोकावड्याला गेलो. त्याही निवृत्त होऊन तिथेच राहिल्या होत्या. ओट्यावर बसायला सांगितले, पाणी विचारले नाही. मी सगळे सांगितले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही.

"आता माफी मागताय?"

"हो."

"ती तुमची तुमाला ठेवा. मला काय तिचं लोणचं घालायचंय? तुमी ते चाळीस मास्तरांसमोर वाचलं होतं ना? तिथंच जा नि माझं खरं पान वाचा. हाय का ते, का फाडलंत?"

"आहे."

"मग बसलाय कशाला? गाडी जाईल."

वाचतो म्हणून सांगून आलो. वाचले नाही. सभांना अजून बोलावणे यायचे, पण या सभेत नको, पुढच्यात, असे चालले. पुढच्यात नवे अधिकारी होते. मग कळले की बाई तापाने गेल्या. शहापूरला शिक्षकांनी शोकसभा ठेवली. चौथे पान माझ्या खिशात होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मेंगाळ बाई अत्यंत अभ्यासू, प्रामाणिक शिक्षिका होत्या." आणि खाली बसलो. शेजारचे भोईर गुरुजी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "बरं बोललात, साहेब." तेव्हा मला आमची दोघांचीही शिसारी आली.

सभेत माझे तोंड उघडत नाही हे आता सिद्ध झाले आहे. म्हणून छापायला देतो. त्यांच्या अहवालाचे चौथे पान, शब्दाला शब्द, असे आहे:

"आयपॅड सर्वांत चांगला चालतो. वेबसाइट लवकर उघडते, अक्षर ठळक दिसते, मुलांची बोटे चुकत नाहीत. पण त्यात मेमरी कार्ड घालता येत नाही, ॲप घ्यायला खाते लागते, आणि फुटला तर आपल्या बाजारात उघडून बघणारा कोणी नाही. कंपनीचा टॅब दिसायला सुंदर आहे. त्याचा ब्राउझर मालक सांगेल तेवढेच दाखवतो. मुलांनी नाचणीवरची कीड शोधली, यादीत नाही असे आले. आपला पाडा शोधला, तोही यादीत नाही असे आले. कंपनी उद्या निघून गेली तर त्याचा उपयोग बसायच्या पाटासारखा. अँड्रॉइडचा टॅब मंद आहे, फुकटच्या ॲपमध्ये जाहिराती येतात, मला स्वतःला तो आवडलेला नाही. तरी तोच द्यावा. धडे कार्डावर भरून पाड्यावर नेता येतात, आणि देणारा विसरला तरी ते चालू राहतात. मुलांना कोणता आवडला हे विचारू नये. त्यांना तिन्ही आवडले. देणारे परत गेल्यावर त्यांच्या हातात काय उरेल, ते आपण मोठ्यांनी बघायचे आहे."