टोमॅटोचं सोवळं

आष्टीकडच्या आमच्या बियाणे सोसायटीत पीक एकच, टोमॅटोचं बियाणं. पण किश्श्यांचं पीक मात्र ऐन दुष्काळातही भरघोस यायचं. चार जण चहाला बसले की एखादा निघालाच.

सगळ्याचं मूळ म्हणजे आमचे अध्यक्ष आण्णा. जिवाणूंचा रोग माणसाच्या हातापायांनी एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, झाडातून बियांत शिरतो आणि बियांबरोबर परक्या शिवारात पोचतो, हे ऐकल्यापासून त्यांनी सोवळंच सुरू केलं. शेडनेटच्या दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं. पाय बुडवा, हात धुवा, मगच आत.

*

एकदा आण्णांचे व्याही युसूफ वडगावहून आले. घमेलं पाहून गहिवरलेच. "टँकरच्या गावात पाय धुवायला पाणी! ह्याला म्हणत्यात मानपान."

आण्णा म्हणाले, "मान टमाट्याचा हाय, व्याहीबुवा. तुमी निस्ते पाय बुडवा."

*

पेरायच्या आधी बी ठरावीक ऊन पाण्यात ठेवतात, म्हणजे त्यातले जिवाणू मरतात. ते पाहून आमच्यातली सगळ्यात जुनी कामकरीण पारूमावशी म्हणाली, "आमी ओल्या फडक्यानं अंग पुसतोय, आन् बियाला ऊन पान्याची आंगूळ. फुडल्या जन्मी बीच व्हावं बाई."

*

आण्णा पारूमावशीला सारखे विचारायचे, "हात धुतले का?" तिच्या तोंडातही तेच बसलं. गावातल्या एका लग्नात नवरदेव हार घालायला पुढं झाला, तर मागून मावशी, "हात धुतले का?"

मांडव हसला. नवरदेवानं मात्र मुकाट्यानं धुतले.

*

बियाण्याची फळं पिकत आली होती. एका सकाळी मावशीच्या ओळीतली दोन झाडं माना टाकून उभी. जिवाणूची मर, म्हणजे झाड सुकवणारा रोग, असेल तर अख्खा प्लॉट उपटून जाळायचा, सगळ्यांची वर्षाची मेहनत मातीत. निरोप मिळताच आण्णा घमेलं ओलांडून धावतच आत आले.

परीक्षा सोपी असते. खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्यात धरायचा, दुधासारखी धार सुटली की रोग. मी एका झाडाचं खोड कापून ग्लासात धरलं. मावशीनं डोळेच मिटले.

पाणी नितळ ते नितळच राहिलं. मी वाकून पाहिलं, तर ठिबकच्या नळीचं भोक गाळानं बुजलेलं.

"मंजी निस्ती तहान लागली व्हती?" आण्णा म्हणाले. त्यांनी ग्लासातलं पाणी दुसऱ्या झाडाच्या बुडाशी ओतलं आणि त्याच्या शेंड्यावरून हात फिरवायला वाकले.

मावशी आडवी आली.

"आण्णा, आदी हात धुवा."