जिन्याच्या वळणावरची जागा

ऑफिसात तिला सगळे जिनेबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. आर्किटेक्टच्या हाताखाली अर्धं आयुष्य काढलं आणि वाट्याला आलं काय, तर दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने नि संडास! मग साहेब आजारी पडले आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचं काम तिच्या पदरात पडलं. जागा म्हणाल तर दोन इमारतींच्या मध्ये अडकलेली चिंचोळी पट्टी. वाढायचं तर वरच.

बाईनं त्यात जीव ओतला. भिंतीत दुमडणारे पलंग, बेसिनचं पाणी फ्लशला, आणि मधोमध जिना. त्याच्या माथ्याला झरोके, म्हणजे खोल्यांतली गरम हवा वर निघून जाईल, एसी नको की दिवसा दिवा नको. शिवाय प्रत्येक वळणावर ऐसपैस जागा नि खिडकीखाली रुंद कट्टा.

"एवढी जागा फुकट?" वसतिगृहाचा मालक नकाशा बघून कडाडला. "ते वळण आवळा बाई. मजल्यामागे एक खोली निघते."

"हवा खेळणार नाही. खोल्यांच्या भट्ट्या होतील."

खोटं नव्हतं ते. पण कट्टा काही हवेसाठी नव्हता. ती राहायची त्या इमारतीत लिफ्ट होती, चकचकीत दारं होती, शेजारीही असावेत. मागे ती तापानं फणफणून पडली, तर दाराशी काळं कुत्रं फिरकलं नाही. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, शेजारच्यांना हाक मार ना!" आणि ताईला शेजारच्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. एकटेपणाची तिला लाज वाटायची. हे मालकाला काय कपाळ सांगणार?

"कट्टे काढायचे असतील तर नकाशे दुसऱ्याकडून करून घ्या," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता.

"गोगलगाय आणि पोटात पाय!" मालक पुटपुटला. पण ऐकलं त्यानं.

उद्घाटनाला तिला कुणी बोलावलं नाही. मुलं राहायला आल्यावर एका रविवारी ती आपण होऊनच गेली. दुसऱ्या मजल्याच्या कट्ट्यावर पोरंपोरी दाटीवाटीनं बसली होती. एकाच पातेल्यात चमचे घालून खात होती, एकमेकांची टर उडवत होती. तिचा ऊर भरून आला. म्हणावंसं वाटलं, सरका रे जरा, मला पण बसू द्या.

"काकू, कुणाकडे आलात?" एकीनं विचारलं.

"वर," ती बोलून गेली.

"अरे, पाय घ्या, काकूंना जाऊ दे!"

सगळ्यांनी पटापट पाय आखडले. आता जाणं आलंच! ती चढत चढत थेट गच्चीच्या दारापर्यंत पोचली. दाराला कुलूप. मग शेवटच्या पायरीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. पोरं उठली की गुपचूप उतरू, असं तिनं ठरवलं. पण ती जागा अशी झकास जमली होती की पोरं उठायचं नावच घेईनात.