गाडीत नसलेल्यांचे वकील

जगात ज्याची बाजू घ्यायला कुणीच नसेल त्याने खुशाल उत्तर कॅरोलिनात यावं, तिथे आमच्या कारपूलमधले काका आहेत, असं मी कुणालाही बेधडक सांगतो. आरोप काय, आरोपी कोण, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसे. अट एकच, तो माणूस गाडीत हजर नसावा. गाडीत नसलेल्या राष्ट्राध्यक्षांपासून गाडीत नसलेल्या काकूंपर्यंत आणि गाडीत नसलेल्या देवापासून गाडीत नसलेल्या माझ्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांचं वकीलपत्र त्यांनी स्वतःहून घेतलेलं होतं. कुणी दिलं होतं असं नाही.

माझी आणि त्यांची ओळख भेंडीमुळे झाली. दोन हजार तीन साली मी सांगलीहून उत्तर कॅरोलिनातल्या कॅरी गावी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. देसी ग्रोसरीत भेंडीची टोकं मोडून बघत मी स्वतःशीच मराठीत पुटपुटलो, "शी! काय ही भेंडी! सगळी जून." मागून आवाज आला, "तिला काय म्हणतोस? न्यू जर्सीहून रात्रभर ट्रकमध्ये उभी राहून आली ती. तू ये तसा, मग बघू तू किती कोवळा राहतो ते." मी वळून पाहिलं तर पन्नाशीचे, ठेंगणे, स्वेटरवर स्वेटर घातलेले एक गृहस्थ मी टोक मोडून नाकारलेली भेंडी उचलून स्वतःच्या पिशवीत भरत होते. पाच मिनिटांत मी सांगलीचा, ते नागपूरचे, दोघांचं ऑफिस रिसर्च पार्कमध्ये आणि माझ्याकडे गाडी नाही, एवढं सगळं उरकलं. सोमवारी सकाळी साडेसातला त्यांची जुनाट क्रीम रंगाची गाडी माझ्या अपार्टमेंटखाली उभी होती. पुढची पाच वर्षं ती उभी राहत गेली. मध्ये मी स्वतःची गाडी घेतली, तरी सकाळी मी त्यांच्याच गाडीत बसायचो.

गाडीत तिसरा वॉल्टर. काका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते आणि वॉल्टर त्यांच्याच लॅबमध्ये टेक्निशियन. जन्मापासून कॅरोलिनातच राहिलेला, धिप्पाड, बाप्टिस्ट, चर्चमध्ये रविवारी मुलांना बायबल शिकवणारा. तो मागच्या सीटवर कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन बसे. मी पुढे. मी स्वभावाने होला हो मिळवणारा माणूस, घरात आणि कॉलेजात कुणाशी वाद घातल्याचं मला आठवत नाही. अशा माणसाला काकांच्या शेजारी बसवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलण्यासारखं होतं.

त्या वर्षी इराकचं युद्ध पेटलेलं. मी सहज म्हणालो, "काका, हे युद्ध चुकीचं वाटतं." झालं! आय-फॉर्टी हायवेवर ट्रॅफिक तुंबलेला, आणि काकांनी स्टिअरिंगवर हात आपटत युद्धाची बाजू अशी लावून धरली की एखाद्या जनरलने त्यांना सलाम ठोकावा. मला वाटलं, काका पक्के युद्धवाले. शनिवारी मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला गेलो, तर तिथे योगायोगाने सगळेच युद्धवाले निघाले, आणि काका हातात पुरीचा तुकडा घेऊन युद्धाविरुद्ध इतके तापले होते की त्यांच्या वाटीतल्या श्रीखंडाला पाणी सुटलं. परत येताना मी विचारलं, "काका, तुमचं खरं मत काय आहे?" ते म्हणाले, "माझं मत घरी असते. गाडीत आणलं तर बसवू कुठं? तुझ्या मांडीवर?" पुढच्या वर्षी निवडणुकीत त्यांनी बंपरच्या डाव्या कोपऱ्यात एका पक्षाचा आणि उजव्या कोपऱ्यात दुसऱ्या पक्षाचा स्टिकर लावला. दोन्हीकडचे लोक चिडून हॉर्न वाजवत आणि काका दोघांनाही हात करत. स्वतः त्यांना मत देता येत नव्हतं, कारण इतकी वर्षं राहूनही ते ग्रीन कार्डवरच होते.

कोर्टाच्या आवारात बायबलमधल्या दहा आज्ञांचा दगड ठेवावा की नाही, यावर एकदा आमच्या गाडीत आठवडाभर रण माजलं. वॉल्टर म्हणे ठेवावा. काका देव न मानणाऱ्यांचे वकील. "त्या दगडासमोरून एखादा नास्तिक माणूस साक्षीला चालला, त्याला काय वाटेल, वॉल्टर?" गुरुवारी वॉल्टरची दाढ दुखत होती म्हणून तो आला नाही. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "काका, तुमचं बरोबर आहे, धर्म माणसाने घरी ठेवावा." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा खिसा कापलाय. "म्हणजे वॉल्टरनं त्याचा देव दाराबाहेर चपलेसारखा काढून ठेवायचा?" आणि ऑफिस येईपर्यंत त्यांनी वॉल्टरच्या आजीचं चर्च, तिथलं गाणं, पुरात गावाला त्याच चर्चने दिलेलं जेवण, असं सगळं इतकं जीव तोडून सांगितलं की माझे डोळे ओले झाले. "अहो, पण काल तर तुम्ही..." "काल वॉल्टर गाडीत होता. आज त्याच्याकडून कोण बोलणार?" दुसऱ्या दिवशी मी हे वॉल्टरला सांगितलं. तो बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत बसला. रविवारी त्याने चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत काकांचं नाव घातलं. काकांची मोठीच पंचाईत झाली, कारण त्यांच्याच भल्यासाठी केलेल्या प्रार्थनेच्या विरुद्ध बोलायचं कसं, हे त्यांना काही केल्या सुचेना.

या स्वभावाची झळ मला एकदा रोख बसली. मी गाडी चालवत होतो, काका शेजारी. पोलिसाने थांबवलं. मी काकुळतीला येऊन म्हणालो, "ऑफिसर, मी साठच्या वर नव्हतो." काका खिडकीकडे वाकून अदबीने म्हणाले, "सर, मी काट्याकडे बघत होतो. बहात्तर होते." पोलिसाने काकांना 'थँक यू, सर' म्हटलं आणि मला दंडाचं तिकीट दिलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "तुला दोन दिवस झाले. मी सत्तावीस वर्षं काढली. माझी भाजी बिघडली असं मीच म्हटलं तरी हे भाजीची बाजू घेतात."

तर अशा माणसाला अमेरिकेतलं काय आवडावं? रस्ते नाहीत, डॉलर नाहीत. त्यांना आवडायची ज्युरी. "अरे, विचार कर," ते मला म्हणत, "न्हावी, मास्तरीण, ट्रक ड्रायव्हर, बारा अनोळखी माणसं. एका खोलीत बसवते, दार लावते आणि सरकार सांगते, एकमत होईपर्यंत भांडा. सरकार स्वतः बोलवून राहिलं भांडायला! आणखी काय पाहिजे माणसाला?" मग आवाज खाली येई. "पंचवीस वर्षांत मला इथं सगळ्यांनी विचारलं, व्हेअर आर यू फ्रॉम. व्हॉट डू यू थिंक, असं कुणी विचारलं नाही. ते फक्त त्या खोलीत विचारते." एकदा ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीवरून त्यांना ज्युरीचं बोलावणं आलंही होतं, पण 'मी नागरिक नाही' या चौकटीत खूण करून ते परत पाठवावं लागलं. लोक विमानतळावरच्या छोट्या रांगेसाठी, पासपोर्टसाठी, भावाला बोलावण्यासाठी नागरिक होतात. काका दोन हजार पाच साली, काकूंनाही बरोबर घेऊन, नागरिक झाले ते त्या चौकटीत पुन्हा खूण करावी लागू नये म्हणून. निळा पासपोर्ट त्यांनी कपाटात टाकला आणि टपालाची वाट बघायला लागले.

चारच महिन्यांत बोलावणं आलं, पण काकूंना. त्यांची भाचीच्या लग्नाला नागपूरची तिकिटं काढलेली, त्यांनी कोर्टाला कळवून सुटका करून घेतली. काका आठवडाभर घरात कुणाचीच बाजू घेत नव्हते. "माझं नाव काढलं असतं तर काय बिघडलं असतं त्यांचं?" असं ते मला दोनदा म्हणाले. ऑफिसमध्ये लोक ज्युरी टाळायच्या युक्त्या एकमेकांना सांगत असले की ते तिथून उठून जात.

अखेर दोन हजार सातच्या वसंतात त्यांचं नाव निघालं. काकांनी केस कापले, नवा शर्ट घेतला. काकूंनी एकच सांगितलं, "तिथे कमी बोला." म्हणून त्यांनी गाडीत न बोलण्याचा सराव सुरू केला. तीन दिवस गाडीत इतकी शांतता होती की वॉल्टरने मला हळूच विचारलं, डॉक्टरकडे नेलंस का?

रालीच्या कोर्टात मीही रजा टाकून गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. खटला साधाच होता. एका माणसाने शेजाऱ्याचं बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र नेलं आणि अकरा दिवस आपल्या बहिणीकडे ठेवलं. सरकार म्हणत होतं चोरी. तो म्हणत होता, दोन वर्षं असंच नेत-आणत होतो. कोवळा, वाळका माणूस, टाय बहुधा दुसऱ्याचा. काकांना सात नंबरची खुर्ची मिळाली. तिथे बसताना त्यांनी शर्टाची बाही नीट केली आणि माझ्याकडे पाहिलं. इतका सुखी झालेला माणूस मी त्या कोर्टात दुसरा पाहिला नाही.

ज्युरीत कुणाला ठेवायचं हे ठरवायला सरकारी वकील एकेकाला प्रश्न विचारत होता. काकांनी सगळ्यांना 'येस, सर', 'नो, सर' अशी शहाण्यासारखी उत्तरं दिली. शेवटी त्याने विचारलं, "समजा बाकी अकरा जणांचं एकमत झालं आणि तुम्हालाही ते पटलं, तर निकाल द्यायला तुम्हाला काही अडचण?" नो, सर. एवढंच म्हणायचं होतं. मी बाकावर मुठी आवळून मनात म्हणत होतो, काका, नो, सर म्हणा. काकांनी विचार केला. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "सर, अकरा जण एकदम एका बाजूला गेले, तर आधी मला दुसरी बाजू घेऊन बघावी लागेल. कुणीतरी घ्यायला पाहिजे ना." लोक हसले. न्यायाधीशबाईही हसल्या. सरकारी वकीलही हसला, त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि सात नंबरच्या ज्युररचे आभार मानून त्यांना मोकळं केलं. वकिलाला काही जणांना असं वगळता येतं, कारण सांगावं लागत नाही, सांगितलं नाही. काका उठले, न्यायाधीशबाईंना किंचित वाकून नमस्कार केला आणि येऊन माझ्या शेजारी बसले. त्यांच्या खुर्चीवर एक बाई जाऊन बसली.

मला वाटलं आता घरी जाऊ. पण काका हलले नाहीत. पुढचे दोन दिवस रजा टाकून ते त्याच बाकावर बसले, वहीत साक्षी लिहून घेत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा ज्युरी आत बसली होती आणि काका बाहेर व्हरांड्यात काकूंचा डबा न उघडता बसले होते.

"काका, काय वाटतं?" मी विचारलं.

या वेळी त्यांनी मत घरी आहे असं म्हटलं नाही. "चोरी नाही ही. यंत्र सापडलं तेव्हा पेट्रोलची टाकी भरलेली होती. पोलिसच बोलला साक्षीत, पण ओझरतं. चोर कशाला टाकी भरून ठेवेल? शेजाऱ्याचं परत देताना भरून देते माणूस."

दोन तासांनी ज्युरी आली. बाराही जणांचं एकमत, दोषी. त्या वाळक्या माणसाने टायची गाठ सैल केली, बाकी काही नाही.

परत येताना मी गाडी चालवत होतो. काका माझ्या शेजारी, डबा मांडीवर. हायवेला लागल्यावर म्हणाले, "आत टाकीचं कुणी काढलं असेल का रे?" मग स्वतःच म्हणाले, "एक माणूस लागत होता फक्त. नो, सर म्हणालो असतो तर मी होतो ना आत." त्यांचा आवाज फुटला. आजवर कधी कुणाशी वाद न घातलेला मी म्हणालो, "काढलं असेल, काका. पण अकरा दिवसांत त्याने शेजाऱ्याला एक फोनसुद्धा का केला नाही? बहिणीकडे का नेलं? सांगून का नेलं नाही?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बोल," ते म्हणाले, "अजून बोल." मी त्या बारा जणांच्या वतीने बोलत राहिलो, सुचेल ते, कॅरीचा एक्झिट येईपर्यंत. काका डोळे मिटून ऐकत होते. घरापाशी उतरताना म्हणाले, "बरा बोलतोस तू. पण टाकी भरलेली होती." आणि डबा घेऊन आत गेले.

पुढच्या वर्षी मला कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नोकरी मिळाली. इथे कंपनीची बस न्यायला येते. बसमध्ये सगळे कानात काहीतरी घालून बसतात, कुणी कुणाशी बोलत नाही, ट्रॅफिकला शिवीसुद्धा घालत नाही. काका आता रिटायर झालेत. त्यांना पुन्हा बोलावणं आलेलं नाही, फोन केला की ते मीच आधी विचारतो. फोनवर भांडण रंगत नाही, पाच मिनिटांत काकू फोन घेतात आणि जेवलास का विचारतात. दिवाळीला मला त्यांची तितकीशी आठवण येत नाही. येते ती मंगळवारच्या मीटिंगमध्ये. तिथे एखाद्या गैरहजर माणसाचा विषय निघतो, त्याचं काम त्याच्याकडून काढून घ्यावं असं सगळ्यांचं पटकन ठरतं, आणि मॅनेजर टेबलाभोवती एकेकाकडे बघत माझ्यापर्यंत येतो. शेजारची खुर्ची काहीतरी बोलेल म्हणून मी थोडा थांबतो. मग मीही हो म्हणतो.